इडलीपात्र, पासपोर्ट आणि शंभर पानी वही

पत्र थोडक्यात असं: मुलुंडला राहणाऱ्या 47 वर्षांच्या एका ताई बँकेत काउंटरवर काम करतात. घरी नवरा, सासूबाई आणि इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेला मुलगा. 2020 च्या लॉकडाउनमध्ये मुलाच्या लॅपटॉपवर त्यांनी सहज एक व्हिडिओ गेम खेळून पाहिला आणि गोडी लागली. आता लोकलमध्ये फोनवर आणि रात्री सगळे झोपल्यावर लॅपटॉपवर त्या खेळतात. प्रत्येक गेमबद्दलचं आपलं मत एका शंभर पानी वहीत लिहून ठेवतात. आतापर्यंत 23 गेम झाले. नवऱ्याला वाटतं, बायको बँकेचं काम घरी आणते. जाऊबाईंनी एकदा फोनमध्ये डोकावून पाहिलं आणि "या वयात हे व्यसन?" असं विचारलं. मुलगा म्हणतो, "आई, तू खेळतेस ते खरे गेमच नाहीत, आणि तेसुद्धा तू इझीवर खेळतेस." त्याच्याच एका मित्रानं मात्र वही चाळून "काकू, हे कुठेतरी लिहा ना" असं सुचवलं. ताईंचा प्रश्न: हे सगळं बंद करू का? आणि बंद करायचं नसेल, तर इझीवर खेळणाऱ्या, निम्मे गेम अर्धवट सोडणाऱ्या बाईच्या मताला काही किंमत असते का?

प्रिय ताई,

पत्रासोबत वहीच्या काही पानांचे फोटो पाठवलेत, ते फार चांगलं केलंत. पत्र तुम्ही पहिल्या ओळीपासून दबकत लिहिलं आहे. वहीतल्या बाई वेगळ्याच आहेत. काय आवडलं, काय खटकलं, कुठे कंटाळा आला, हे त्या सरळ सांगून मोकळ्या होतात. म्हणून मी हे उत्तर त्या वहीतल्या बाईंना देते आहे.

'पेपर्स, प्लीज'चं पान मी तीनदा वाचलं. ज्यांनी हा गेम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते: लुकास पोप यांनी केलेला हा गेम 2013 मध्ये आला. आर्स्टोट्झ्का नावाच्या काल्पनिक देशाच्या सीमेवर, एका चौकीत तुम्ही तपासनीस म्हणून बसता. खिडकीत माणूस येतो, पासपोर्ट सरकवतो. तुम्ही तारीख, फोटो, शिक्का ताडून बघता आणि हिरवा किंवा लाल ठसा मारता. नियम वाढत जातात, रांग मात्र तशीच. संध्याकाळी मिळालेल्या पैशांत घरच्यांचं जेवण आणि घर गरम ठेवायचा खर्च बसवायचा. सुरुवातीच्याच एका दिवशी एक माणूस येतो, त्याचे कागद चोख असतात. जाताना तो सांगतो, माझ्या मागे माझी बायको आहे, तिला सांभाळून घ्या. ती येते, आणि तिच्याकडे प्रवेशाचा परवाना नसतो.

तुम्ही लिहिलंय: "दिवसभर केवायसी तपासून आल्यावर पुन्हा कागदच! पण तिला मी सोडलं. लगेच यंत्रातून चूक दाखवणारी चिठ्ठी बाहेर आली. पोटात गोळा आला. काउंटरवर चूक झाली की मान आपोआप साहेबांच्या केबिनकडे वळते, तसं झालं."

ताई, या गेमबद्दल मी आधीही वाचलं होतं. हुकूमशाही, नोकरशाही, नैतिक पेच असं बरंच काही. काउंटरच्या आतल्या बाजूला पंचवीस वर्षं बसलेल्या माणसाची ती वळलेली मान मला पहिल्यांदा तुमच्या वहीत दिसली. मुलाला हा गेम 'स्लो' वाटला आणि त्यानं अर्ध्या तासात सोडला, असंही तुम्ही प्रामाणिकपणे नोंदवलंय. त्याचं मत खोटं नाही. पण त्यानं अजून कुणाचे कागद परत केलेले नाहीत. तुम्ही केलेत, आणि बँकेत ज्यांचे कागद परत केले त्या म्हाताऱ्या आजोबांचा चेहरा तुम्हाला आठवला म्हणून गेममधल्या त्या बाईला तुम्ही आत सोडलंत. हे तुमच्याशिवाय कोण लिहिणार होतं?

आता 'वेन्बा'. 2023 चा हा छोटासा गेम कॅनडात स्थायिक झालेल्या एका तमिळ कुटुंबाचा आहे. आईच्या हातची पाककृतींची वही फाटलेली, पुसट झालेली, आणि तिच्यावरून अंदाज बांधत पदार्थ करायचे. पहिलंच कोडं इडलीचं. तुमच्या पानावर दोनच ओळी आहेत: "चिन्मय अडकला. इडलीपात्राच्या ताटल्या कशा रचायच्या ते त्याला कळेना, मला ते कोडं वाटलंच नाही." (मुलाचं नाव बदललं आहे.) इतकंच लिहून तुम्ही पुढच्या गेमकडे वळलात! हात जोडून सांगते, त्या पानावर परत जा. इंजिनिअरिंगचा मुलगा लॅपटॉपसमोर अडकला आणि मागे उभं राहून आईनं सांगितलं, एकावर एक तशाच नको, वाफेला वाट ठेव. 'इझी' आणि 'हार्ड' कुणाला काय वाटतं, ते कोण कुठून आलंय यावर ठरतं, हे तुम्ही तुमच्याच स्वयंपाकघरात पाहिलंय. गेममध्ये एका हातानं पळणं आणि दुसऱ्या हातानं नेम धरणं मुलाला सोपं, कारण तो दहाव्या वर्षापासून ते करतो आहे. तुम्ही त्या वयात पाण्याची कळशी भरत होता.

मुलानं वापरलेला तो 'इझी' शब्द तुमच्या मनाला फार लागलेला दिसतो. त्याबद्दल मला मनापासून बोलायचं आहे, कारण त्यात माझंही काही गुंतलं आहे.

गिरगावात आमच्या चाळीत, आमच्या मजल्यावर एकाच घरी टीव्हीला लावायचा व्हिडिओ गेम होता. पिवळी कॅसेट, तिच्यावर इतक्या गेमची यादी की त्यातले निम्मे तेच तेच. मुलांचा जीव 'कॉन्ट्रा'वर. मुलींचा नंबर शेवटी लागायचा, आणि लागला तरी दुसरा रिमोट मिळायचा. ज्यांनी खेळलाय त्यांना तिसरी लेव्हल आठवत असेल, धबधब्याची. तिथे वर वर चढायचं असतं. पुढचा गडी चढत गेला की पडदा त्याच्याबरोबर वर सरकतो आणि जो मागे राहिला तो पडद्याखाली जाऊन मरतो. माझा भाऊ थांबायचा नाही. माझ्या लाइफ कुठल्याही शत्रूशिवाय, नुसत्या मागे राहण्यानं संपायच्या. मग मी गादीवर बसून बघायचे आणि ओरडायचे, "आता उजवीकडून गोळी येणार, खाली बस!" रिमोट हातात नसताना तो सगळा गेम मला पाठ झाला होता.

आणि त्या सगळ्या शूर मुलांना आणखी एक गोष्ट पाठ होती. वर-वर, खाली-खाली, डावं-उजवं, डावं-उजवं, बी, ए. सुरुवातीला हे दाबलं की तीनाऐवजी तीस लाइफ मिळायच्या. त्या खुणेचा उगम ऐका. 'कोनामी' या जपानी कंपनीत काझुहिसा हाशिमोतो नावाचे गृहस्थ होते. 1986 मध्ये 'ग्रेडियस' हा गेम घरच्या यंत्रावर आणायचं काम त्यांच्याकडे होतं. तपासायला तो खेळून बघावा तर त्यांना स्वतःलाच झेपेना. म्हणून त्यांनी आपल्या सोयीसाठी ही कळ आत बसवून ठेवली. पुढे तीच 'कॉन्ट्रा'त आली आणि जगभरच्या पोरांच्या बोटांत बसली. गेम करणाऱ्यालाच गेम अवघड गेला आणि त्यानं स्वतःसाठी सोपी वाट काढली. चिन्मयच्या बाबांच्या पिढीतला असा मुलगा मला दाखवा, ज्यानं ती वाट वापरली नाही. तुमच्या यजमानांनाच विचारून बघा, त्यांच्या अंगठ्याला ती अजून आठवत असेल.

तुम्ही 'सेलेस्ट' ज्या सोयीच्या मोडमध्ये खेळलात, तो तर करणाऱ्यांनी उघडपणे, सन्मानानं दिलेला आहे. मॅडलिन नावाची मुलगी डोंगर चढते आहे, बाहेरचा आणि मनातलाही. वेग कमी करा, दमसास वाढवा, नाहीतर अजिबात न मरता चढा, हे सगळं मेनूमध्ये आहे. शिवाय तुम्ही किती वेळा मेलात तो आकडा हा गेम मोजतो, आणि त्या आकड्याचा अभिमान बाळगा, असं सांगतो. 2018 मध्ये हा गेम आला तेव्हाच त्यांनी ठरवलं होतं की तुमच्यासारखं कुणीतरी खेळायला येईल. तुम्ही चोरून आत शिरलेला नाही आहात.

'मताला किंमत' या प्रश्नाचंही तसंच आहे. तुमच्या मुलुंडला कालिदास नाट्यमंदिर आहे. मध्यंतरात बटाटावडा खाताना आपण सगळे काय करतो? दुसऱ्या अंकात ढिलं पडणार असं वाटतंय, नायिकेचा आवाज मागे पोचत नाही, नेपथ्य छान. तेव्हा 'तुम्ही कधी रंगमंचावर उभ्या राहिला आहात का' असं कुणी विचारत नाही. मत असण्यासाठी पाहणं पुरतं, आणि तुम्ही फार नीट पाहता. अर्धवट सोडलेल्या गेमबद्दल लिहायलाही काही हरकत नाही. फक्त कुठे सोडला आणि का, ते लिहा. मध्यंतरातून उठून आलेल्या प्रेक्षकाचं म्हणणं नाटकवाल्यांनी ऐकायलाच हवं असतं.

आता जाऊबाईंचा शब्द. व्यसन. हा शब्द मी हलक्यानं घेणार नाही, कारण या सदराकडे त्याबद्दलची खरीखुरी, रडवणारी पत्रं येतात.

जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांच्या यादीच्या 11 व्या आवृत्तीत 'गेमिंग डिसऑर्डर' नोंदवला आहे, तो 1 जानेवारी 2022 पासून लागू आहे. त्याच्या खुणा अशा: खेळण्यावर ताबा राहत नाही; बाकीच्या आवडी, रोजची कामं मागे पडून खेळणंच पहिलं होतं; नुकसान दिसत असूनही ते थांबत नाही, उलट वाढतं. आणि हे साधारण 12 महिने चाललेलं असावं, घर-नोकरी-नाती यांची खरी पडझड झालेली असावी. तुम्ही डबे करता, गाडी पकडता, कॅश जुळवता, सासूबाईंना डॉक्टरकडे नेता, आणि परीक्षेच्या महिन्यात मुलाला लॅपटॉप लागतो म्हणून पूर्ण महिना खेळला नाहीत, असं तुम्हीच लिहिलंय. हे व्यसनाचं चित्र नाही. पण हे वाचणाऱ्या कुणाला त्या खुणा आपल्या किंवा आपल्या मुलाच्या वाटल्या, तर त्यांनी 14416 या 'टेली मानस'च्या सरकारी क्रमांकावर फोन करावा. तो मोफत आहे आणि मराठीतून बोलता येतं.

जाऊबाईंच्या मनात कदाचित दुसरंच असेल. गेली काही वर्षं जाहिरातींमुळे घराघरांत 'ऑनलाइन गेम' म्हणजे पैसे लावायची रमी असाच अर्थ झाला होता. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या अशा गेमवर बंदी घालणारा कायदा केला, तो त्यात घरं बुडाली म्हणूनच. तुमच्या भिंतीत भेग पडेल अशी भीती त्यांना वाटली असेल, तर ती मायेचीही असू शकते. एकदा त्यांना शेजारी बसवून 'मॉन्युमेंट व्हॅली' दाखवा. एक छोटी राजकन्या, अशक्य जिने, वळवला की पूल होणारा खांब. त्यात पैसे लावायला काही नाही, मरायलाही काही नाही. "कुर्ला ते भायखळा एक किल्ला" असं तुम्ही लिहिलंय, ते वाक्य मला फार आवडलं.

काळजी मला एकाच गोष्टीची वाटते. पहाटे साडेपाचला उठणारी बाई आठवड्यातून तीन-चार रात्री दीडपर्यंत जागते. बँकेत तुमच्या हातून एकदा एन्ट्री चुकली, हेही तुम्ही ओझरतं लिहिलंय. दोष गेमला देऊ नका, तो लपवण्याचा आहे. घर झोपल्याशिवाय खेळायचं नाही असं ठरवलं की खेळ झोपेतूनच कापला जाणार.

त्यात 'स्टारड्यू व्हॅली'. एरिक बॅरोन या एकट्या तरुणानं साडेचार वर्षं खपून केलेला, आजोबांच्या पडीक शेताचा हा गेम. "पाऊस पडला की झाडांना पाणी घालावं लागत नाही, आणि मला सुट्टी मिळाल्यासारखं वाटतं," हे तुमचं म्हणणं अगदी पटलं. पण त्याची रचना लक्षात घ्या. त्यातला एक दिवस आपल्या घड्याळात साधारण 14 मिनिटांचा, आणि खेळ जतन होतो तो पात्र झोपायला गेल्यावर. म्हणून 'आणखी एकच दिवस' असं होत राहतं. गंमत अशी की रात्री दोन वाजले की तुमचं पात्र जिथे असेल तिथे कोसळतं. त्याला झोपवता, तसं स्वतःलाही झोपवा. तीन दिवस खेळा, म्हणजे पाऊण तास. तिसऱ्या रात्री पात्र अंथरुणात शिरलं की लॅपटॉप मिटा. मिटण्याची ती जागा गेमनंच दिलेली आहे, मधेच तोडल्यासारखं वाटत नाही.

हा पाऊण तास उजेडात हवा. जेवणं झाल्यावर, सासूबाई मालिका बघतात तेव्हा. त्यासाठी नवऱ्याला सांगावं लागेल. लांबलचक सांगू नका. "रात्री मी बँकेचं काम करत नव्हते, गेम खेळत होते. मला आवडतं. आता साडेनऊला खेळणार आहे." बस. मेंदू तल्लख राहतो, ताण जातो, इंग्रजी सुधारतं, अशी कारणं जोडू नका. आपल्याकडे बाईनं स्वतःच्या आनंदासाठी काही केलं की लगेच त्याचा घराला उपयोग दाखवावा लागतो. मंगळागौरीच्या रात्री झिम्मा-फुगडी घालताना आपल्या आज्या 'याने काय मिळतं' असं विचारत नव्हत्या. गुडघे दुखेपर्यंत खेळायच्या, पहाटेपर्यंत. नवरा रागावेल कदाचित, खेळण्यापेक्षा खोटं सांगितल्याबद्दल. तो राग रास्त आहे. तो ऐकून घ्या, त्याबद्दल माफी मागा. खेळण्याबद्दल मागू नका.

वहीचं म्हणाल, तर लगेच जगापुढे ठेवायची घाई नको, आणि कपाटात कुलूपबंदही नको. आधी एका माणसाला वाचून दाखवा. तुमच्या गाडीच्या ग्रुपमध्ये अशी एखादी असेलच जिला कुतूहल आहे. मोठ्यानं वाचताना कुठलं वाक्य आपलं आणि कुठलं उसनं, ते कानाला लगेच कळतं. काही पानांवर तुम्ही दहापैकी गुण दिलेत. तीच पानं सर्वात फिकी आहेत. आकडा लिहिला की पुढे काही सांगावंसं वाटत नाही. त्याऐवजी त्या गेममधला एक प्रसंग लिहा, जसा त्या चिठ्ठीचा लिहिलात. आणि एक तक्रार: मुलाच्या खांद्यावरून पाहून तुम्ही 'जीटीए' या त्याच्या मारधाडीच्या गेमला दोन ओळींत निकालात काढलंय. तुमचा निकाल बरोबरही असेल. पण दहा मिनिटं स्वतः खेळा, मग लिहा. निदान 'खेळले नाही, पाहिलं' एवढं तरी लिहा. जो नियम मुलानं तुमच्या गेमला लावावा असं तुम्हाला वाटतं, तोच त्याच्याही गेमला लागतो.

मुलाशी वाद घालून 'खरा गेम' ठरणार नाही. 'इट टेक्स टू' नावाचा 2021 चा एक गेम आहे, तो एकट्याला खेळताच येत नाही. दोन माणसं लागतात, दोघांची कामं वेगळी, एकाशिवाय दुसऱ्याचं अडतं. गोष्ट घटस्फोटाच्या उंबरठ्यावरच्या जोडप्याची आहे, हे आधीच सांगते. तुम्हाला जड वाटेल तर दुसरा निवडा. तुमच्या उड्या चुकतील, त्याला चारदा थांबावं लागेल. माझा भाऊ त्या धबधब्यावर थांबला असता तर मला काय वाटलं असतं, याचा मी अजून कधी कधी विचार करते. चिन्मयला थांबायची संधी द्या. परीक्षा संपली की त्याला विचारा.

आणि 'सेलेस्ट'चं पान. चौथ्या टप्प्याच्या शेवटी रोपवे मधेच अडकतो, मॅडलिनचा श्वास कोंडतो, आणि सोबतचा मुलगा तिला सांगतो, एक पीस डोळ्यांसमोर आण, श्वासानं ते तरंगत ठेव. तुम्ही ते दादरला, गच्च डब्यात, डोळे मिटून करून पाहिलंत, असं लिहिलंय. पुढे पाचवा टप्पा, ते अंधारं देऊळ, आणि तिथे पान संपतं. का सोडलंत ते लिहिलेलं नाही. तेवढं लिहून पाठवा, मला वाचायचं आहे.